सौरपंपाची परवानगी पाड्यावरूनच सुरू होते



खोडाळ्याच्या परिसरात पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून तसाच वाहून जातो. मार्च उजाडला की वरच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन दरीतल्या झऱ्याकडे उतरू लागतात. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे, हे इथे मुद्दाम सांगायला हवे.

आपल्यापैकी अनेकजण विचारतात, "ऊन एवढे आहे, तर सौरपंपाने पाणी वर का चढवत नाही?" मी पाड्यांवर अर्ज-कागदांच्या कामात मदत करतो. माझा अनुभव असा, की पंपाच्या आधी अडते ती जागा. झरा आणि पाड्यावरची टाकी यांच्यामधली जमीन बहुधा वनखात्याची असते. तिथे नळ टाकायचा किंवा पॅनेल उभारायचे, तर परवानगी लागते. 'परवानगी' म्हटले की लोकांना दिल्लीला जाणारी फाईल दिसते आणि विषय तिथेच संपतो.

लहान कामांसाठी मात्र कायद्याने जवळची वाट ठेवली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या गरजेच्या १३ सुविधांची यादी आहे. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता यांच्याबरोबर पिण्याच्या पाण्याची योजना व जलवाहिनी, विजेच्या तारा आणि अपारंपरिक ऊर्जेची साधने, म्हणजे आपली सौर पॅनेलसुद्धा, तिच्यात आहेत.

अटी अशा आहेत. सुविधा सरकारी व्यवस्थापनाखालची हवी. प्रत्येक कामासाठी जमीन एक हेक्टरपेक्षा कमी हवी. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस हवीच. एक हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. तीन अश्वशक्तीच्या पंपाची पॅनेल दोन गुंठ्यांत सहज मावतात. खाजगी कंपनीच्या मोठ्या प्रकल्पाला मात्र ही वाट मोकळी नाही. त्यामुळे हे कलम पाड्याची सोयही करते आणि राखणही.

काम पुढे कसे सरकते? ज्या खात्याला सुविधा उभारायची आहे, ते ठरावीक नमुन्यात प्रस्ताव ग्रामसभेपुढे ठेवते. ग्रामसभा ठराव करते. वनपरिक्षेत्र अधिकारी जागा पाहतात आणि आपला अहवाल उपवनसंरक्षकांकडे पाठवतात. त्यांना प्रस्ताव मान्य नसेल, तर तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीपुढे जातो. म्हणजे निर्णय जिल्ह्यातच होतो.

पैशाचीही काही सोय आहे. २०१५ पासून महाराष्ट्र सरकार आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट देते. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. पायाभूत सुविधा हा त्यातला एक विषय आहे. स्वतःच्या शेतात पंप हवा असेल, तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आदिवासी शेतकऱ्याला किमतीच्या ५ टक्केच रक्कम भरावी लागते.

मग अडते कुठे? वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. दिवाळी झाली की आमची कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. पाण्याची ओरड होते उन्हाळ्यात, आणि नेमके तेव्हाच पाडा निम्मा रिकामा असतो. गणपूर्तीशिवाय केलेल्या ठरावावर कोणीही बोट ठेवू शकतो.

म्हणून सभा घ्यायची ती भाताची आवणी उरकल्यापासून दिवाळीपर्यंत. त्याआधी जागेचा साधा नकाशा तयार हवा, झाडे मोजलेली हवीत आणि बायांना सभेची वेळ विचारलेली हवी, कारण टाकी कुठे बसावी हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही.

आपल्यापैकी कोणी सर्वेक्षण, नकाशा किंवा सरकारी पत्रव्यवहार जाणणारे असाल, तर त्या दिवसांत दोन दिवस काढून खोडाळ्याला यावे. पंपाच्या देणगीइतकीच या कामाचीही आम्हाला गरज आहे.