रेवदंडा: वाड्यांनी गिळलेलं शहर

अलिबागहून मुरुडकडे निघालेला रस्ता रेवदंड्याला तटबंदीतूनच आत शिरतो. एसटीत बसलेल्याचं लक्ष जाईपर्यंत गाडी बाजारात पोहोचलेली असते. सोळाव्या शतकातल्या एका पोर्तुगीज शहरातून आपण चाललोय, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून इथे उतरावं आणि पायी फिरावं, तेही सकाळच्या पारी.

शेजारचं चौल बंदर तर पोर्तुगिजांच्याही कितीतरी आधीचं. कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचं नाव येतं, टॉलेमीलाही ते ठाऊक होतं, आणि पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानात उतरला तो इथेच. पोर्तुगीज आले ते याच व्यापाराच्या वासाने. १५०८ साली इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी चौलच्या खाडीत त्यांना चांगलाच हात दाखवला. त्या लढाईत व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. तरीही १५२१मध्ये निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी किल्ला बांधायला घेतलाच. पुढे तटाच्या आत चर्च, मठ आणि सरदारांचे वाडे उभे राहिले. १५७०-७१मध्ये मूर्तझा निजामशहाने शहराला वेढा घातला, पण शहर काही पडलं नाही.

मग ते गेलं कुठे? वाड्यांत. मुख्य रस्ता सोडून आतल्या पाखाडीला लागलं की दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या बागा आणि त्यांचे गडगे. या गडग्यांकडे जरा निरखून बघा. ओबडधोबड दगडांच्या रांगेत मध्येच एखादा चारही कडा घोटीव असलेला चिरा येतो. कुठल्या तरी दाराची नाहीतर खिडकीची चौकट होती ती. पलीकडे छप्पर गेलेल्या चर्चच्या भिंतीला टेकून पंपाची पाइप आणि झावळ्यांचा ढीग. आत जायचं तर आधी हाक मारून विचारावं. वाडी कुणाच्या तरी मालकीची असते, आणि आपण पडलो पाहुणे.

फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा गावात सातखणी म्हणून ओळखला जातो. वरचे खण केव्हाच ढासळले, तरी माडांच्या गर्दीत तो लांबूनच नजरेत भरतो. समुद्राच्या अंगाला दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्ह कोरलंय: मधोमध पाच छोट्या ढाली, भोवती किल्ले. खाऱ्या वाऱ्याने कडा झिजल्यात. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी तटाकडे पाठ करून किनाऱ्यावर फोटो काढतात. त्यांना तरी काय बोलणार? समोर काय उभं आहे हे सांगणारं कुणी नको का?

एक मात्र खरं. हे शहर तोफांनी पाडलेलं नाही. वसई पडल्यावर झालेल्या तहाप्रमाणे १७४०मध्ये ते मराठ्यांकडे आलं, व्यापार मुंबईने ओढून नेला, छपरं कोसळली आणि मोकळ्या जागेत लोकांनी माड लावले. दगड पळवले म्हणून वाडीवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण इथे बंदर भरभराटीला आलं असतं, तर नव्या इमारतींखाली तटसुद्धा उरला नसता. माझं मत विचाराल तर जपणुकीची योजना या वाडीवाल्यांना धरूनच आखावी लागेल, त्यांना उठवून नव्हे.

हातात वेळ असेल तर पूल ओलांडून कोर्लईला जा. तिथला किल्ला पोर्तुगिजांनी १५९४मध्ये घेतला. पण डोंगर चढण्याआधी पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत थोडं थांबा. राज्यकर्ते गेले, त्यांची बोली इथे राहिली, आणि घराघरात अजून बोलली जाते. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण शेजारच्या मराठीच्या संगतीने वाक्याची घडण पार बदलली: पोर्तुगिजात मध्ये येणारं क्रियापद कोर्लईत आपल्यासारखं शेवटी जाऊन बसलंय.