खेळ चालवणाऱ्याचा अधिकार कुठपर्यंत?

मंडळी, आजचा विषय काहींना पोरखेळ वाटेल. पण अधिकार म्हणजे काय, हा प्रश्न खेळात जितका स्वच्छ दिसतो तितका कोर्टकचेरीत दिसत नाही. म्हणून आपण तो खेळाकडूनच समजून घेऊ.

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला. आता आपल्याकडची तरुण मंडळीही तो खेळतात. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो. एक जण मात्र स्वतःचं असं पात्र घेत नाही. गुहेत काय आहे, पहारेकरी काय बोलतो, दार उघडलं तर पुढे काय, हे सगळं तो सांगतो. त्याला म्हणतात गेम मास्टर. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा.

नियमांची पुस्तकं चांगली जाडजूड असतात. पण समजा एखादा खेळाडू म्हणाला, “मी रतनगडाच्या नेढ्यातून दोर टाकून खाली उतरतो.” वारा किती, दोर ओला आहे का, हे कुठल्या पुस्तकात असणार? तिथे गेम मास्टर ठरवेल ते खरं. मग प्रश्न येतो, तो काहीही ठरवू शकतो का?

ही भूमिका मुळात लष्करातून आली. 1824 साली प्रशियात फॉन राईसविट्झ या अधिकाऱ्याने युद्धाचा सराव देणारा खेळ मांडला. त्यात एक पंच असे. दोन्ही बाजूंना आपल्यापुरतंच दिसे, पंचाला सगळं दिसे. पुढे नियमांचे तक्ते इतके वाढले की खेळ पुढे सरकेना. तेव्हा 1876 मध्ये व्हर्डी द्यु व्हेरनुआ या अधिकाऱ्याने सुचवलं, की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या. म्हणजे बघा, पंचाला अधिकार मिळाला तो दोन कारणांनी. इतरांना न दिसणारं त्याला दिसतं, आणि कुठलाही नियम सगळे प्रसंग आधी ओळखू शकत नाही.

पण मग पंच म्हणेल तोच नियम, असं झालं का? एच. एल. ए. हार्ट या इंग्रज तत्त्वज्ञाने 1961 च्या ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’मध्ये इथे एक नेमका फरक केला. पंचाचा निर्णय अंतिम असतो, म्हणून तो अचूकच असतो असं नव्हे. आपण क्रिकेट बघताना म्हणतोच की, “आउट नव्हता, पण दिला.” हे वाक्य आपल्याला कळतं, कारण नियम पंचाच्या बाहेर कुठेतरी उभा आहे. पंचाची लहर हाच नियम असता, तर या वाक्याला अर्थच उरला नसता.

आता नियम बदलायचाच झाला तर? आपल्या गल्लीतल्या पोरांना याचं उत्तर ठाऊक आहे. धाकटं भावंड खेळायला आलं की ते ‘कच्चा लिंबू’. ते आउट झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. नियमाला ही उघड सूट आहे, तरी कोणी भांडत नाही. का? कारण ती डाव सुरू होण्याआधी, सगळ्यांच्या देखत दिलेली असते. डाव हरायला आल्यावर कोणी म्हणालं, “मी कच्चा लिंबू होतो,” तर पोरं ऐकून घेत नाहीत.

आपण भंडारदऱ्यात आहोत, तर पाण्याचंच बघा. 1926 साली पुरं झालेलं हे विल्सन धरण. इथलं पाणी प्रवरेतून खाली कालव्यांना जातं. शेजपाळीत कोणाची पाळी कधी, किती वेळ, हे आधी ठरतं. चारीवर पाटकरी असतो. चारी फुटली, कोणी मध्येच पाणी वळवलं, तर जागेवर निर्णय त्यालाच घ्यावा लागतो, आणि त्या क्षणी तो मानावा लागतो. पण दार त्याच्या हातात आहे म्हणून पाणी त्याचं होत नाही. रात्री गुपचूप सोयऱ्याच्या शेतात पाणी सोडलं, तर त्याला कोणी अधिकार म्हणत नाही.

गेम मास्टरचं अगदी हेच आहे. खरी कसोटी कधी लागते? वर्षभर जिवापाड सांभाळलेलं एखाद्याचं पात्र एका फाशाने मरायला येतं. गेम मास्टरचा फासा पडद्याआड असतो. आकडा दोनने कमी सांगितला तर कळणार कुणाला? मित्राचं मन राखलं, तर बिघडलं काय?

आमच्या मते बिघडतं. खेळाडूने धोका ओळखून पाऊल टाकलं होतं. निकाल लपून बदलला, की त्याच्या धाडसाला किंमत उरत नाही, आणि इतरांनी याआधी सोसलेलं नुकसानही खोटं ठरतं. त्यापेक्षा फासा टाकण्याआधीच सांगावं, “यात जीव जाऊ शकतो, टाकायचा का?” किंवा नियम जाचक वाटतो तर तेव्हाच, सगळ्यांना विचारून बदलावा. काही गटांत आधीच ठरलेलं असतं, की गोष्ट रंगावी म्हणून गेम मास्टरने आकडे सांभाळून घ्यावेत. त्याला आमची हरकत नाही. तिथे तोच नियम, आणि तो सर्वांना माहीत आहे.

तेव्हा शेवटचा शब्द गेम मास्टरचा असू द्या. फक्त तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला पाहिजे, आणि खेळ संपल्यावर “असं का ठरवलंत?” असं कोणी विचारलं, तर त्याला उत्तर देता आलं पाहिजे.