एकाच चुलीवरचं जेवण, मग वजन एकीचंच का वाढतं?

आमच्या शेजारी, सावेडीत, दोघी जावा राहतात. स्वयंपाकघर एक, भाकरीची टोपली एक, आमटीचं पातेलंही एकच. पण थोरलीच्या लग्नातल्या पोलक्याची शिवण तीनदा उसवून झाली आणि धाकटी दोन बाळंतपणांनंतरही होती तशीच काडी. सासूबाई तर थोरलीला तोंडावर म्हणतात, "अगं, स्वयंपाक करता करता चाखत-माखत खातेस, म्हणून सुटतेस." या बोलण्याला कंटाळून तिनं रात्रीचं जेवण सोडलं. एकदा गच्चीवर पापड वाळत घालताना मला म्हणाली, "काकू, देवाशपथ सांगते, हिच्यापेक्षा एक घास जास्त खात नाही मी. माझ्या अंगातच काही खोट आहे का हो?"

तो 'खोट' शब्द माझ्या मनाला लागला. मैत्रिणींनो, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत २४ जणींचं वजन प्रमाणाबाहेर निघालं. या चोविसांतल्या किती जणींना "चोरून खातेस" हे ऐकावं लागत असेल! तेव्हा म्हटलं, शास्त्र काय म्हणतं ते तरी बघावं. उत्तर शोधणारे लोक ते कुठे शोधताहेत हे ऐकून तुम्ही पदर तोंडाला लावाल. लघवीत!

हसू नका. लघवीवरून शरीराची हालहवाल ओळखणं ही मुळीच नवी गोष्ट नाही. आयुर्वेदात प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, आणि मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. आमच्या आजोबांना साखरेचा आजार होता. घरात बेनेडिक्टच्या निळ्या औषधाची बाटली असे. काचेच्या नळीत थोडं निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि खाली स्पिरिटचा दिवा. निळं ते निळंच राहिलं तर सुटलो. हिरवं झालं तर थोडी साखर, पिवळं झालं तर अधिक, आणि विटकरी झालं की आजी लाडवाचा डबा उचलून माळ्यावर ठेवायची. पण ही परीक्षा आजार झाल्यानंतरची. आता शास्त्रज्ञ विचारताहेत ते उलटं आहे. वजन वाढायच्या आधीच, कोणाचं वाढेल हे लघवी सांगेल का?

लघवी म्हणजे नुसतं पाणी आणि मीठ नव्हे. आपण खाल्लेल्या अन्नातलं बरंचसं आपण पचवतो, पण बरंच काही मोठ्या आतड्यात राहणारे कोट्यवधी जंतू पचवतात. जंतू म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण हे बहुतेक घरचेच, भाडेकरू म्हणा ना. त्यांनी तयार केलेले पदार्थ रक्तात उतरतात, यकृत त्यांच्यावर आपला हात फिरवतं आणि शेवटी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. म्हणून काल काय जेवलात याच्या खुणा आज लघवीत असतात. संत्रं-मोसंबं खाल्लंत की प्रोलीन बीटेन नावाचं द्रव्य दिसतं. चहा, फळं, भाज्या पोटात गेल्या की हिप्युरेट दिसतं, आणि तिथे तुमच्या भाडेकरूंचाही हात असतो. अंडी-मटणापासून हेच जंतू एक द्रव्य बनवतात, त्याचं यकृतात टीएमएओ होतं. या शेकडो द्रव्यांना ओळखणारं यंत्र मोठ्या लोहचुंबकाचं असतं. रेडिओचा काटा फिरवताना जशी एकेक स्टेशनं आपापल्या जागी लागतात, तसं त्यात प्रत्येक द्रव्य आपापल्या जागी उमटतं.

आता उंदरांची गोष्ट ऐका. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ साली ती प्रसिद्ध केली. पन्नास उंदीर घेतले, सगळे एकाच वंशाचे, जुळ्या भावंडांसारखे. खाणं एक, राहणं एक. साधा चारा चालू असतानाच त्यांची लघवी तपासून ठेवली, आणि मग सगळ्यांना तुपकट खाणं सुरू केलं. काही उंदीर गरगरीत झाले, काही झालेच नाहीत. काहींची साखर बिघडली. एवढंच काय, काही भित्रे झाले नि काही हुंदडत राहिले. मग आधीच्या लघवीचे निकाल काढून पाहिले, तर कोण कुठल्या वाटेनं जाणार याच्या खुणा त्यात अगोदरच होत्या! आणि त्या खुणा जंतू आणि शरीर यांनी मिळून बनवलेल्या द्रव्यांच्या होत्या. वंश एक, चारा एक, तरी प्रत्येकाचं पोट वेगळं.

हे थोरलीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते." खोटं बोलत नव्हती हे मला उंदरांशिवायही ठाऊक होतं म्हणा.

पण उंदीर म्हणजे बाई नव्हे, हेही सांगायला हवं. माणसांचं काय? १९९६ ते १९९९ या काळात चीन, जपान, ब्रिटन आणि अमेरिका या चार देशांत ४० ते ५९ वयाच्या ४६८० स्त्री-पुरुषांनी एका पाहणीसाठी दोनदा, चोवीस-चोवीस तासांची लघवी भांड्यात साठवून दिली. (ते भांडं घरात सांभाळणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.) त्यांतल्या अमेरिका-ब्रिटनच्या दोन हजारांहून जास्त लोकांचे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा २९ द्रव्यांचा लठ्ठपणाशी संबंध आढळला. हे २०१५ साली जाहीर झालं. मात्र यात एक गोम आहे. ही माणसं तपासणीच्या वेळीच लठ्ठ किंवा सडसडीत होती. खूण आधीची की लठ्ठपणा आधीचा, हे त्यातून कळत नाही.

शिवाय एकच द्रव्य दोन तोंडांनी बोलतं. टीएमएओ टोचल्यावर उंदरांची साखर कमी बिघडली. पण अमेरिकेत २०१३ साली चार हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात रक्तात तेच जास्त असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक दिसला. तेव्हा वजनाचं भाकीत करणारी लघवीची तपासणी डॉक्टरांच्या रोजच्या कामात अजून आलेली नाही. कोणी "नमुना पाठवा, तुमच्या प्रकृतीचा आहार लिहून देतो" म्हणालं, तर ते पैसे मोरीत गेले समजा. आणि लॅबमधल्या नेहमीच्या तपासणीत लघवीत साखर नाही निघाली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती सहसा लघवीत उतरतच नाही.

मग आपल्या हातात काय आहे? त्यासाठी लंडन सोडून पुण्याला यावं लागतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. युडकिन यांच्याशेजारी उभं राहून काढलेला एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्रज बाळांपेक्षा वजनानं पुष्कळ कमी होती, पण चरबी मात्र त्यांनी त्या मानानं राखून ठेवली होती. बारीक पण चरबीदार, अशी आपली घडण पोटातूनच सुरू होते. म्हणजे काट्यावर हलकी असलेली धाकटीही आतून हलकी असेलच असं नाही.

म्हणून काट्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली टेप काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजायचं. आपल्याकडच्या बाईचा घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या आत हवा. वर असेल तर उपाशीपोटीची रक्तातली साखर तपासून घ्यावी. गरोदरपणात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, ती तपासणी कोणीही चुकवू नये. तेव्हा १४० किंवा वर निघाली असेल, तर बाळंतपणानंतर साखर नीट झाली तरी पुढेही दरवर्षी बघत राहावं.

आणि भाडेकरूंना लागतो चोथा. रात्री उपाशी राहून तो मिळत नाही. आपल्या नगर जिल्ह्यात याची काय वाण आहे! बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मटकी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वालाचं बी जपलं, २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. आपण तो वाल निदान शिजवावा तरी. अडचण आहे ती साखरेची. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला तो याच जिल्ह्यात, आणि दिवाळीला सभासदांची स्वस्त साखर घरात आली की चहा आपोआप गोड होतो. उपासाची साबुदाणा खिचडी हा तर वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

मी टेप घेऊन शेजारी गेले. थोरलीचा घेर छत्तीस इंच भरला, ते अपेक्षितच होतं. धाकटी हसत हसत पुढे आली, "माझं काय मोजता काकू!" तिचा भरला तेहतीस. दुसऱ्या दिवशी दोघी मिळून लॅबमध्ये गेल्या. थोरलीची साखर ठीक निघाली, धाकटीची सीमेवर. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं, आता दोघी सकाळी बरोबरच फिरायला जातात. थोरली रात्रीची भाकरी पुन्हा खाऊ लागली आहे. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. फक्त मी निघताना हळूच म्हणाल्या, "अगं, ती टेप जरा ठेवून जा."