खर्जाची गिटार

शाळेच्या उपासनेंत जेव्हां चार स्वरांत गीत गाइलें जातें, तेव्हां ऐकणाऱ्याचें लक्ष बहुधा सर्वांत वरच्या स्वराकडे असतें. चाल त्याच्याकडे, आणि शब्दही त्याच्याच तोंडीं स्पष्ट. मागच्या रांगेंत उभे राहून खर्ज लावणारे चार-पांच मोठे विद्यार्थी कोणाच्या ध्यानांतही येत नाहींत. परंतु एखाद्या दिवशीं ते गैरहजर राहिले, म्हणजे तेंच गीत पाय नसल्यासारखें वाटूं लागतें. काय उणें पडलें हें मात्र चटकन सांगतां येत नाहीं. आधुनिक वाद्यवृंदांत हें खर्जाचें काम जें वाद्य करतें, त्यास बेस गिटार म्हणतात. मीं तें पुष्कळ वर्षें वाजविलें आहे, आणि त्याच्या तारा, त्याची जुळणी व त्याचा ॲम्प्लिफायर यांविषयीं माझीं कांहीं मतें बनलीं आहेत. तीं लिहून काढण्यास पुढील प्रसंग कारण झाला.

एका शाळेच्या वाद्यवृंदांत नववीच्या वर्गांतला एक मुलगा हें वाद्य शिकत होता. तीन महिने लोटले तरी त्याचा हात बसेना. त्याच्या बोटांत मुळीं जोरच नाहीं, असा शिकविणारांचा अभिप्राय पडला, आणि वाद्य विकून टाकावें काय, हें विचारण्यासाठीं त्याचे वडील मजकडे आले. मीं मुलाचीं बोटें न पाहतां वाद्य मागविलें. सतराव्या पडद्यावर त्याची सर्वांत जाड तार पडद्यापासून तब्बल पांच मिलिमीटर उंच उभी होती! हें अंतर अडीच मिलिमीटरांच्या आसपास असावें लागतें. अशा तारेवर पाव तास वाजविल्यास माझीहि बोटें दुखून आलीं असतीं. मग चौदा वर्षांच्या मुलाची काय कथा? दुकानांतून आणलें त्या दिवसापासून तें वाद्य कोणीं जुळविलेंच नव्हतें, आणि परीक्षा मात्र मुलाची चालली होती.

हें वाद्य वयानें फार मोठें नाहीं. त्याच्यापूर्वीं खर्जासाठीं डबल बेस असे. मनुष्यापेक्षांही उंच, उभें धरून वाजवावयाचें असें हें अवजड वाद्य. तें गांवोगांव नेणें हेंच एक संकट. आणि नेलें तरी ढोल व पितळी वाद्यें यांच्या गजरांत त्याचा आवाज बुडून जावयाचा. अमेरिकेंत सिॲटल येथील पॉल टटमार्क यांनीं १९३० नंतरच्या दशकांत आडवा धरून वाजविण्याचा विजेचा बेस तयार करून विकलाही होता. परंतु त्याचा प्रसार झाला नाहीं. तें यश कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांस आलें. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे, ही मोठी गंमत होय. १९५१ सालीं त्यांनीं विक्रीस काढलेल्या वाद्यास ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असें नांव दिलें. डबल बेसच्या दांडीवर पडदे नसल्यामुळें सूर कानानें शोधावा लागे. येथें पडद्यालगत बोट दाबलें कीं सूर नेमका लागतो, हा त्या नांवांतला अर्थ. तारेची कंप पावणारी लांबी त्यांनीं ३४ इंच ठरविली, आणि आजही बहुतेक बेस गिटारी याच मापाच्या होतात.

आतां जुळणीकडे वळूं, कारण माझ्या मतें निम्मी विद्या तेथेंच आहे. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाहीं. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो, तेव्हां भोपळा तोच आणि तारा त्याच असतात. घोडीचा पृष्ठभाग तो केसाइतका घासतो, आणि जो आवाज मेलेला होता तो बोलूं लागतो. बेस गिटारचेंही असेंच आहे. फरक इतकाच कीं, येथें कामाचा आरंभ घोडीपासून न होतां दांडीपासून होतो.

चार तारांचा मिळून ताण एका प्रौढ मनुष्याच्या वजनाइतका असतो. एवढा ताण रात्रंदिवस सोसतांना लाकडी दांडी पुढें वांकूं पाहते. म्हणून तिच्या पोटांत एक पोलादी सळई बसविलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. सळईच्या टोकाचा नट आवळला म्हणजे दांडी सरळ होते, सैल केला म्हणजे ती तारांच्या ओढीनें किंचित् बांकते. दांडी अगदीं सरळही नको, कारण तार जेथें सर्वांत जोरानें झुलते तेथें तिला थोडी मोकळी जागा हवी. वाद्य सुरांत लावून जाड तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळीं दाबावी, आणि सातव्या-आठव्या पडद्यावर तिच्याखालीं किती फट राहते तें पाहावें. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे सुमारें एक तृतीयांश मिलिमीटर, फट असल्यास दांडी ठीक आहे असें समजावें. नट एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक कधींही फिरवूं नये. फिरविल्यावर वाद्य पुन्हां सुरांत लावून मगच मोजावें. नट घट्ट बसला असेल तर बळ न करतां वाद्य जाणत्या कारागिराकडे न्यावें. सळई तुटली म्हणजे दांडीच गेली म्हणावयाची.

दांडी ठरल्यावाचून तारांची उंची ठरवूं नये. पुष्कळ जण नेमकें उलट करतात : दांडी वांकलेली असतांना घोडीच घासून खालीं आणतात, आणि मग तारा पडद्यांवर खडखडल्या म्हणजे वाद्यास नांवें ठेवतात. घोडीवर प्रत्येक तारेसाठीं निराळा आधार असून त्यास बारीक स्क्रू असतात. सतराव्या पडद्यावर जाड तार २.४ मिलिमीटर आणि बारीक तार २ मिलिमीटर हें चांगलें माप आहे. थोडीशी खडखड राहिली तरी मी ती चालवून घेतों; ॲम्प्लिफायरमधून जी ऐकूं येत नाहीं तिचा कशाला बाऊ करावा? दांडीच्या वरच्या टोकास जी खांचांची पट्टी असते, तिच्या खांचा उथळ असल्यास पहिल्याच पडद्यावर बोट दुखतें आणि सूरही चढा लागतो. पण तें काम कानशीचें आहे, तें घरीं करूं नये. सर्वांत शेवटीं बारावा पडदा. तार बरोबर मध्यावर नुसती स्पर्शून वाजविल्यास जो सूर निघतो, तोच सूर बाराव्या पडद्यावर दाबून निघाला पाहिजे. दाबलेला सूर चढा असेल तर घोडीवरील आधार मागें सरकवून तार लांब करावी, उतरा असेल तर पुढें आणावा. आपल्या हवेंत हें सर्व वर्षांतून एकदां करून भागत नाहीं. पावसाळ्यांत लांकूड ओल शोषतें, उन्हाळ्यांत तें सुकतें, आणि प्रत्येक वेळीं दांडीचा बांक थोडासा बदलतो. मी जुलईंत एकदां आणि मार्चमध्यें एकदां माप घेतों.

तारांविषयीं वादकांत जितके वाद आहेत तितके दुसऱ्या कशाविषयीं नसतील. तारेच्या पोलादी गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. ती चपटी असेल तर तारेचा स्पर्श गुळगुळीत, आणि आवाज जाड, थोडका व डबल बेसच्या जवळचा. गोल असेल तर स्पर्श खरखरीत आणि आवाज पियानोसारखा झणझणीत. पूर्वीं चपट्या तारांचाच प्रघात होता. १९६६ सालीं इंग्लंडांत जॉन एंटविसल या वादकाच्या साहाय्यानें रोटोसाउंड कंपनीनें बेससाठीं गोल तारा काढल्या, आणि तरुण वादकांनीं त्या उचलून धरल्या. मला स्वतःला चपट्या तारा आवडतात. गीताच्या साथीस झणझणाट नको असतो, बोटांस त्या मऊ लागतात, पडदे झिजवीत नाहींत, आणि वर्षानुवर्षें टिकतात. आरंभीं त्यांची किंमत अधिक वाटते खरी. परंतु समुद्रकांठच्या घामट हवेंत गोल तारेचें तेज कांहीं आठवड्यांतच जातें, हें ध्यानीं घेतल्यास हिशेब उलटा पडतो. गोल तारा वापरणारांनीं वाजवून झाल्यावर सुती फडक्यानें त्या रोज पुसाव्यात. मळलेल्या तारा पाण्यांत उकळल्या असतां थोडे दिवस पुन्हां वाजूं लागतात, हा गरीब वादकांचा जुना उपाय मींही केलेला आहे. मात्र आईस न विचारतां पातेलें घेऊं नये.

चपट्या तारांचें नांव निघालें कीं जेम्स जेमरसन यांचें स्मरण होतें. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांत १९६० नंतरच्या दशकांत त्यांचाच बेस ऐकूं येतो. १९६२ सालचें एक प्रिसिजन, त्यावर जाड चपट्या तारा, आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी, एवढ्या सामग्रीवर त्यांनीं तें काम केलें. तारा तुटल्यावांचून ते बदलीत नसत असें सांगतात. ध्वनिमुद्रिकांवर त्यांचें नांव छापण्याची चाल वर्षानुवर्षें नव्हती. १९८३ सालीं ते वारले, आणि नंतरच्या पिढ्यांस त्यांची थोरवी अधिकाधिक कळत गेली. त्यांच्या वाद्याच्या तारा बऱ्याच उंच असत असें म्हणतात, आणि त्याचा दाखला देऊन मुलांना उंच तारांवर राबविणारे लोक मीं पाहिले आहेत. जेमरसन हे आधीं डबल बेसचे वादक होते. त्यांचा पंजा त्या तालमींत तयार झाला होता. शिकाऊ मुलास तीच उंची देणें म्हणजे पहिलवानाची मुदगल बालवर्गांत वांटणें होय.

ॲम्प्लिफायरविषयीं पालकांची एक चूक मला वारंवार आढळते. घरांत साध्या गिटारचा ॲम्प्लिफायर असतो, त्यालाच ते बेस जोडून देतात. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारें ४१ कंपनें करते. साध्या गिटारची खालची तार त्याच्या दुप्पट. ४१ कंपनांची ध्वनिलहर आठ मीटरांहून लांब असते, आणि ती उठविण्यास स्पीकरच्या पडद्यास पुष्कळ हवा ढकलावी लागते. लहान स्पीकर त्या श्रमांत फाटतो. शिवाय शक्ति दुप्पट केली म्हणजे आवाज दुप्पट वाटतो, असें नाहीं. कानास दुप्पट वाटण्यास शक्ति सुमारें दसपट लागते. १९६९ सालीं अँपेग कंपनीनें काढलेला प्रसिद्ध ॲम्प्लिफायर ३०० वॅटचा होता, तो यामुळेंच. घरीं अभ्यासास बेससाठींच केलेला २५-३० वॅटचा पुरे. सभागृहांत ढोलासह वाजवावयाचें तर मात्र शंभराहून अधिक वॅट हवेत.

खर्जाचें वाद्य म्हणून खर्जाचीच कळ पूर्ण फिरवावी, हाही एक भ्रम. पत्र्याच्या छपराच्या सभागृहांत त्यानें नुसती घुमघुम होते आणि एकही सूर ओळखूं येत नाहीं. अशा ठिकाणीं मी खालचे स्वर उलट कमी करतों, मधले थोडे वाढवितों, आणि पेटी जमिनीवर न ठेवतां खुर्चीवर ठेवतों. प्लगाची तिसरी, जाड पिन जमिनीस जोडलेली असते. घरघर थांबावी म्हणून ती काढून टाकणारे लोक आहेत. त्यांनीं वादकाच्या प्राणाशीं खेळ मांडलेला असतो. पालकांनीं हें मात्र स्वतः पाहावें.

राहिली वाद्याच्या किमतीची गोष्ट. पॉल मॅकार्टनी यांनीं १९६१ सालीं हॅम्बुर्ग येथें हॉफनर कंपनीचा जो बेस घेतला, तो सुमारें ३० पौंडांचा, म्हणजे स्वस्तांतलाच होता. त्याची तार ३४ इंचांऐवजीं सुमारें ३० इंच. लहान हाताच्या मुलास असेंच आंखूड मापाचें वाद्य द्यावें, असें माझें मत आहे. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. आणि घेतलेल्या पैशांतून थोडा भाग जुळणीसाठीं राखून ठेवावा.

त्या मुलाच्या दांडीचा नट मीं दोन दिवसांत तीन वेळां पाव-पाव फेरा आवळला, आधार खालीं आणले, आणि चपट्या तारा चढविल्या. तार अडीच मिलिमीटरांवर आली. त्यानें माझ्यासमोर एक संपूर्ण गीत न थांबतां वाजविलें, आणि वडिलांकडे न पाहतां मलाच विचारलें कीं हें इतकें सोपें कसें झालें. मीं त्याच्या हातीं पोलादी मोजपट्टी दिली. वाद्य विकलें गेलें नाहीं. पावसाला आरंभ झाला कीं तो आतां स्वतःच सतराव्या पडद्यावर तार मोजतो, आणि आंकडा वहींत लिहून ठेवतो.