टेकडीची वाट दारापासून

पाषाण आणि कोथरूड या पुण्याच्या दोन उपनगरांच्या मध्ये वेताळ टेकडी पसरलेली आहे, आणि तिच्या माथ्यावरील जुन्या दगडखाणीच्या पाण्याकाठी पहाटे जो उभा राहील, त्याला गिरिपुष्पाच्या झाडीतून पंचवटीकडे, गोखलेनगराकडे आणि कोथरुडाकडे उतरत गेलेल्या पायवाटा दिसतील. या वाटा कोणा इंजिनिअराने आखल्या नाहीत. फिरायला येणाऱ्यांच्या पावलांनी त्या मळल्या, आणि जिथे चढ सोपा, जिथे पाय घट्ट ठरतो, तिथूनच त्या गेल्या. वाहनाने जाणाऱ्याला ज्या वस्त्यांसाठी मोठा वळसा घ्यावा लागतो, त्या वस्त्या या वाटांनी परस्परांशी सहज जोडल्या आहेत.

परंतु टेकडी उतरून डांबरी रस्त्याला पाय लागला की ही सोय संपते. एका सकाळी पायथ्याशी मी एक वृद्ध जोडपे पाहिले. आजोबांच्या हाती काठी होती, आजींनी पदर कमरेशी खोचला होता. अर्धा रस्ता ओलांडून दोघे दुभाजकाच्या फटीत जेमतेम वीतभर जागेत उभे होते, आणि आजी तळहात उंचावून एकामागून एक येणाऱ्या गाड्यांना थांबण्याची विनंती करीत होत्या. तासभर टेकडी चढताना ज्यांना भय वाटले नव्हते, त्यांना घरासमोरचा रस्ता ओलांडताना प्राण मुठीत धरावा लागत होता.

हे भय अनाठायी नाही. 2022 या एका वर्षात देशात 32 हजारांहून अधिक पादचारी रस्त्यांवरील अपघातांत मृत्यू पावले. यामागचे मुख्य कारण वेग हे होय. ताशी 30 किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीपुढे 14 मीटरांवर एखादे मूल आले, तर चालकाच्या ध्यानी येऊन ब्रेक लागेपर्यंतचा एक सेकंद जमेस धरूनही, कोरड्या रस्त्यावर ती गाडी मुलाच्या अलीकडे थांबू शकते. तीच गाडी ताशी 50 च्या वेगाने येत असेल, तर त्या एका सेकंदातच 14 मीटर सरतात, आणि ब्रेक लागण्यापूर्वी ती मुलापर्यंत पोहोचते. म्हणूनच वस्तीतील रस्त्यांना 30 ची मर्यादा असावी, असा आग्रह जगभर धरला जातो. मात्र पाटी लावल्याने वेग उतरत नाही. वळणावरचा कोपरा आवळून घेतला, झेब्रा पट्टे पदपथाच्या उंचीपर्यंत उचलून घेतले, म्हणजे चालकाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो.

सिग्नलचे गणित मांडताना माणूस सेकंदाला सुमारे 1.2 मीटर चालतो, असे धरण्याचा प्रघात आहे. या हिशेबाने 24 मीटर रुंदीचा रस्ता 20 सेकंदांत ओलांडता यावा. पण काठी टेकत सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या आजोबांना 30 सेकंद लागतात, आणि उरलेल्या 10 सेकंदांचा धोका त्यांनी एकट्याने पत्करावा, अशी अपेक्षा केली जाते. हे 10 सेकंद त्यांना द्यावेत, आणि मध्ये दुभाजकात निर्धास्त उभे राहता येईल एवढा ऐसपैस थांबा असावा. पादचारी पूल हा यावरचा उतारा नव्हे. खालून वाहनांसाठी साडेपाच मीटर उंचीची मोकळी जागा ठेवायची, तर 15 सेंटिमीटरांच्या पायरीने 37 पायऱ्या तरी चढाव्या लागतात, आणि गुडघे दुखणारा माणूस त्या वाटेला जात नाही.

पदपथाची कथाही निराळी नाही. भारतीय रस्ते महासभेच्या 2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदीची निर्वेध जागा हवी, म्हणजे समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना चाटून न जाता पुढे सरकतील. पण विजेची पेटी, लावून ठेवलेल्या दुचाकी, उखडलेले पेव्हर ब्लॉक यांपैकी एकही अडथळा मध्ये आला की माणूस रस्त्यावर उतरतो, आणि मागचा सगळा पदपथ त्याच्या दृष्टीने व्यर्थ ठरतो. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेच असते, हे चालण्याच्या वाटेइतके अन्यत्र क्वचितच प्रत्ययास येते.

कायद्याचे पाठबळ आज उणे नाही. पुणे महापालिकेने 2016 मध्येच पादचारी धोरण मंजूर केले. आणि निर्वेध पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले. उणीव आहे ती अंमलबजावणीची. टेकडी वाचावी म्हणून 2023 च्या एप्रिलमध्ये पुणेकर मोठ्या संख्येने एकत्र चालले. तीच आस्था टेकडीच्या पायथ्यालाही लाभली पाहिजे. टेकडीच्या प्रत्येक प्रवेशवाटेपासून शाळा, बसथांबा आणि आसपासच्या वस्त्या इथवरच्या वाटेची पाहणी अधिकाऱ्यांनी नागरिकांसमवेत, मोटारीतून नव्हे तर पायी करावी. जिथे वाट तुटते त्या जागांची यादी वॉर्ड कार्यालयाच्या दप्तरी नोंदवावी. आणि अंदाजपत्रकात त्यांसाठी वेगळी तरतूद व्हावी. नवा उड्डाणपूल बांधण्याच्या मानाने हे काम स्वल्प खर्चाचे आहे.

टेकडीची वाट टेकडीच्या फाटकापासून सुरू होते, ही आपली समजूत बदलली पाहिजे. ती प्रत्येकाच्या दारापासून सुरू होते. त्या आजींना तळहात उंचावण्याची गरज उरली नाही, आणि चालता चालता त्यांना आजोबांशी दोन शब्द बोलता आले, म्हणजे ती वाट पूर्ण झाली असे मी समजेन.