फोटो उरेल, पण त्यातील माणसे कोण हे कुठे लिहिले आहे?

आपल्या संगणकांवर आता मोठा साठा जमला आहे : मोर्च्यांचे फोटो, भाषणांचे ध्वनिमुद्रण, जुन्या पत्रकांच्या पीडीएफ. पण फोटोत डावीकडून तिसरी बाई कोण, भाषण कोणत्या गावचे, हे बहुधा एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या आठवणीतच असते. फाइलविषयीच्या या माहितीला ‘मेटाडेटा’ म्हणतात. ती ठेवायच्या जागा चार आहेत.

१. फाइलच्या आत. जेपीईजी फोटोत ‘एक्झिफ’, एमपी-३ मध्ये ‘आयडी-३’ असे कप्पे असतात. मात्र प्रत्येक फॉरमॅटचा कप्पा वेगळा, आणि साध्या टेक्स्ट फाइलला तो नसतोच. शिवाय मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो पाठवला की त्यातील बरीच माहिती गळून पडते.

२. फाइल सिस्टिममध्ये. १९९०च्या दशकातील ‘बीओएस’ या प्रणालीत ओळखीच्या व्यक्तीची फाइल आतून रिकामी असे. नाव, पत्ता, फोन हे गुणधर्म म्हणून तिला जोडलेले असत आणि त्यांवरून शोधही घेता येई. आज लिनक्स, मॅक आणि विंडोजमध्येही अशी सोय आहे. येथे फॉरमॅटची अट नाही. पण एफएटी-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर अशा माहितीला जागाच नसते आणि ईमेलसोबतही ती जात नाही.

३. सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये. शोध झटपट लागतो. पण ते सॉफ्टवेअर बंद पडले, तर वर्षांची मेहनत त्यात अडकते.

४. शेजारच्या जोडफाइलमध्ये. ‘सभा.जेपीजी’च्या बाजूला ‘सभा.जेपीजी.एक्सएमपी’. अ‍ॅडोबीने २००१ मध्ये आणलेली एक्सएमपी पद्धत २०१२ मध्ये आयएसओ मानक झाली. हा साधा मजकूर असतो, कोणत्याही एडिटरमध्ये उघडतो, मूळ फाइलला हात लावावा लागत नाही. ‘डिजीकॅम’ हे मोफत सॉफ्टवेअर अशा जोडफाइली लिहू शकते. धोका एकच : फक्त फोटोचे नाव बदलले, तर जोडी तुटते.

मग करायचे काय? शोधण्यासाठी डेटाबेस वापरा, पण मूळ नोंद जोडफाइलमध्येच ठेवा. तेही जमत नसेल, तर प्रत्येक फोल्डरमध्ये एक सीएसव्ही तक्ता करा : फाइलचे नाव, तारीख, ठिकाण, व्यक्ती, आणि ही माहिती कोणी सांगितली. शेवटचा रकाना गाळू नका. उद्या शंका आली तर विचारायचे कोणाला, ते त्यावरूनच कळेल.

आणखी एक फायदा आहे. आंदोलनातील लोकांची नावे वेगळ्या फाइलमध्ये असली, तर फोटो देताना ती आपल्याकडे राखता येतात. मात्र एक्झिफमध्ये ठिकाण नोंदले गेले आहे का, हे तपासूनच फोटो द्या.

या रविवारी एकच फोल्डर उघडा. जाणत्या माणसाला शेजारी बसवा आणि नावे लिहून घ्या. फोटोच्या प्रती हव्या तितक्या काढता येतील. त्या माणसाची आठवण मात्र एकदाच मिळते.