विश्लेषण : ‘चेतक’ बंद का झाली आणि परत का आली?

एकेकाळी मध्यमवर्गीय घरात स्कूटर येणे म्हणजे सण असे. ती बहुधा ‘बजाज’चीच असे. पण बजाज ऑटोने 2009 मध्ये स्कूटर व्यवसायातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि दहा वर्षांनी त्याच नावाची विजेवरची स्कूटर आणली. प्रस्थापित कुटुंबाचा उद्योग बदलत्या बाजारात कसा डगमगतो आणि कसा सावरतो, हे या प्रवासातून समजते.

सुरुवात कशी झाली?

जमनालाल बजाज यांनी 1926 मध्ये या उद्योगसमूहाचा पाया घातला. समूहातील बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने 1948 मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकण्यास सुरुवात केली. पुढे 1959 मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाजिओच्या तंत्रज्ञानावर पुण्याजवळ आकुर्डीत स्कूटर बनू लागली. हा करार 1971 मध्ये संपला. पुढच्याच वर्षी कंपनीने स्वतःच्या नावाने ‘चेतक’ बाजारात आणली. तेव्हा सूत्रे राहुल बजाज यांच्याकडे होती.

इतकी मागणी असताना धोका कुठे होता?

मागणीतच होता. परवाना राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत असे. त्यामुळे नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे थांबत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला गाडी लवकर मिळे, तर नोंदणी झालेली गाडी जास्त भावाने विकली जाई. माल आपोआप खपत असेल तर तो बदलण्याची घाई कुणाला नसते. चेतकचे टू-स्ट्रोक इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर वर्षानुवर्षे जवळपास तसेच राहिले. सुरू होत नसेल तर गाडी एका बाजूला कलती करायची, हा घरोघरचा उपाय होता.

बाजार नेमका कशामुळे बदलला?

तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांना भागीदारीची मुभा मिळाली. हीरो होंडाने 1985 मध्ये कमी पेट्रोल पिणारी फोर-स्ट्रोक ‘सीडी 100’ आणली. त्यानंतर 1991 च्या उदारीकरणाने परवान्यांचे कुंपण हटले. प्रदूषणाचे नियमही कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक इंजिनाची अडचण वाढली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ग्राहक मोटारसायकलकडे वळला. बजाजची कावासाकीशी भागीदारी होती, तरी कंपनीची ओळख स्कूटरशीच बांधलेली राहिली. हीरो होंडा 2001 मध्ये जगातील सर्वात मोठी दुचाकी कंपनी ठरली.

कुटुंबाने काय केले?

राहुल बजाज यांचे पुत्र राजीव यांनी उत्पादन आणि संशोधनात लक्ष घातले. चाकणला नवा कारखाना उभा राहिला आणि 2001 मध्ये ‘पल्सर’ आली. या मोटारसायकलने कंपनीला पुन्हा उभे केले. या बदलाची किंमत मात्र मोजावी लागली. पुरवठादारांची संख्या घटवण्यात आली. आकुर्डीतील वाहन उत्पादन 2007 मध्ये थांबले आणि कामगारांसमोर स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय आला. पिंपरी-चिंचवडमधील सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांसाठी हा काळ कठीण होता. तेही बहुतांशी कौटुंबिकच उद्योग होते.

भावाभावांतील वाटणीही याच काळात झाली. दुसरीकडे समूहातील वाहन आणि वित्त व्यवसाय स्वतंत्र कंपन्यांत विभागले गेले. दुचाकीसाठी कर्ज देण्यासाठी 1987 मध्ये काढलेल्या वित्त कंपनीचे बाजारमूल्य आज बजाज ऑटोपेक्षा जास्त आहे.

स्कूटर सोडणे चुकले का?

राजीव यांच्या मते सगळे करण्यापेक्षा एकाच गोष्टीत अव्वल असावे. वडिलांनी मात्र या निर्णयाबद्दल जाहीरपणे नापसंती व्यक्त केली होती. मोटारसायकल आणि निर्यातीतून कंपनीने कमावले, त्यामुळे निर्णय फसला असे म्हणता येत नाही. पण याच काळात होंडाच्या ‘अ‍ॅक्टिव्हा’ने बिनगिअरच्या स्कूटरचा बाजार पुन्हा उभा केला. गिअर टाकण्याची कटकट गेल्यावर महिला, विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक स्कूटरकडे आले. जुना भागीदार पियाजिओही 2012 मध्ये बारामतीतून ‘व्हेस्पा’ घेऊन परतला. स्कूटर संपली नव्हती, जुन्या पद्धतीची स्कूटर संपली होती.

आता पुढे काय?

विजेवरील ‘चेतक’ची विक्री 2020 मध्ये सुरू झाली. राहुल बजाज यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, जून 2022 मध्ये त्यांच्या जन्मदिनी आकुर्डीत या स्कूटरचा नवा कारखाना सुरू झाला. मात्र आव्हानेही नवी आहेत. केंद्राने 2023 मध्ये अनुदान घटवले. मोटरसाठी लागणाऱ्या दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर चीनने 2025 मध्ये निर्बंध घातले, तेव्हा उत्पादन अडले. नायजेरियाचे चलन घसरले की चाकणची निर्यात अडखळते.

घराण्याचे नाव पहिला ग्राहक मिळवून देते, पुढचा ग्राहक मालच मिळवतो. कोणती गोष्ट वारसा म्हणून जपायची आणि कोणती वेळेवर सोडायची, हा प्रश्न आकुर्डीइतकाच गावातल्या तीन पिढ्यांच्या दुकानालाही पडतो. फरक इतकाच, की दुकानदाराला चूक निस्तरायला दहा वर्षे मिळत नाहीत.